सिंहाचा फाटका कान

रविवारी संध्याकाळी सात वाजता इवानागांच्या घरी जेवणाचं ताट आलं आणि कुमाशिरोंची कसोटी सुरू झाली!

येताना त्यांनी बायकोला बजावलं होतं, "फुसाए, आज पोरीच्या लग्नाची बोलणी आहेत. चिनीमातीबद्दल माझ्या तोंडून अवाक्षर निघणार नाही. उभा जन्म आरिता गावात बशा रंगवल्यात, गप्प बसायला मला शिकवू नकोस!"

ताट हातभर रुंद. त्यावर फुगू माशाचे काप, खालचं निळं-तांबडं चित्र दिसेल इतके पातळ. मुलाचे वडील इवानागा हे साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, पिढीजात कारखानदार. छाती काढून म्हणाले, "तीनशे वर्षांपूर्वीचं! फुलांत खेळणारा सिंह!"

कुमाशिरोंनी एक काप उचलला. खाली सिंहाचा पंजा. ओळखीचा! त्यांनी भराभर आणखी काप उचलले.

"व्याही भुकेले दिसतात!" इवानागाबाईंनी मोकळ्या जागेवर नवे काप पसरले. कुमाशिरोंनी तेही फस्त केले. बाईंनी पुन्हा पसरले. फुसाएनं टेबलाखालून चिमटा काढला. तरी शेवटी कान उघडा पडलाच. फाटका, लोंबता!

"अगंबाई," फुसाए पुटपुटली, "हा तर आपला गोमा!"

गोमा म्हणजे त्यांचा मेलेला कुत्रा. जुन्या ताटाची नक्कल करताना कुमाशिरोंनी गंमत म्हणून सिंहाला त्याचा कान दिला होता. भट्टीवाल्यानं ती नक्कल म्हणूनच विकली. पुढे कोणाच्या हातात ती तीनशे वर्षांची झाली, देव जाणे!

"कान पाहिलात?" इवानागा म्हणाले. "लढाईतली जखम! आजच्या रंगाऱ्यांना सात जन्मांत जमायचं नाही. राग मानू नका हं, पण तुमच्या लोकांच्या हातात जीवच नाही!"

कुमाशिरोंच्या हाताची अशी स्तुती आजवर कोणी केली नव्हती. आज झाली, ती तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा रंगाऱ्याच्या खात्यात!

"अप्रतिम आहे," ते कसंबसं म्हणाले. तिथेच घात झाला.

"ऐकलंत? जाणकार बोलतोय!" इवानागांनी ताटाची लाकडी पेटी आणि कुंचला मागवला. "झाकणावर लिहून द्या, अस्सल जुनं म्हणून. खाली तुमचं नाव. लग्नात सगळ्यांना दाखवू!"

"द्या ना लिहून, बाबा," चिनात्सु म्हणाली. पोरीनं गोमाला पाहिलंच नव्हतं.

लिहिलं, तर आरितात तोंड दाखवायची सोय नाही. नाही लिहिलं, तर लग्न राहतंय कसलं?

"घरी निवांत लिहितो," कुमाशिरो म्हणाले आणि पेटी घेऊन आले.

लग्न परवावर आलंय. आज सकाळी इवानागांचा फोन आला, "शाई वाळली का?"

झाकण अजून कोरं आहे.