गफूरचाचांचा अंदाज

आमचे वायरमन गफूरचाचा कुठल्याही भिंतीला छिन्नी लावण्याआधी तिच्यावर टकटक करायचे आणि विचारायचे, "कोन हाय का आत?" मग कान लावून उभे राहायचे. जबाब आल्याशिवाय कामाला हात नाही. जबाब येतो कसा, हे लातुरात कुणी विचारलं नाही. चाचांचं वायरिंग वीस-वीस वर्षं जळत नसे, आणि असा माणूस थोडा वेडा असला तरी चालतो.

क्लासची पोरं ठेवायला मी घरावर चार खोल्या चढवल्या, तेव्हा त्यांनाच बोलावलं. भर दुपार होती. नव्या कोऱ्या भिंतीत कोण असणार, म्हणून मी हसत होतो. चाचांनी कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि हळूच म्हणाले, "हाव, हाव. ऐकून राहिलो." माझ्या अंगावर काटा आला.

भीती लपवायला मी मोबाईलवर विजेचा अंदाज सांगणारी वेबसाइट उघडली. खोल्या, पंखे, दिवे, राहणारी माणसं भरली. आकडा हजर!

चाचा जवळ सरकले. "घर न बघता सांगितलं ह्यानं?"

मास्तरकी अंगात मुरलेली, मी समजावू लागलो. घर बघायची गरजच नाही. इतकी माणसं म्हणजे सरासरी इतकी वीज, हे त्यात आधीच भरलेलं असतं. प्रत्येक पंख्याचे, दिव्याचे ठरलेले वॉट धरायचे, बेरीज करायची. शिवाय कुणी ना कुणी घरात नसणार, सगळंच एका वेळी चालू नसणार, असं गृहीत धरून त्यातलं थोडं वजा करायचं.

"वजा?" चाचांचा आवाज चढला. "कोन नसंल, हे त्येला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही, चाचा. अंदाज असतो."

ते सिमेंटच्या पोत्यावर बसले. "अंदाज म्या बी केला व्हता, गुर्जी."

भूकंप झाला तेव्हा ते कामासाठी लातुरात होते. गावी पोचले तर घराच्या जागी दगडमातीचा ढीग. उपसणाऱ्या जवानांनी विचारलं, घरात माणसं किती? अम्मी, अब्बा, दोन भाऊ. चाचांनी चार सांगितलं. बहीण माहेरी आली होती, पण आदल्या दिवशी ती सासरी परतणार होती. गेलीच असणार, असं त्यांनी धरलं. चार माणसं निघाली आणि जवान पुढच्या घराकडे वळले. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा तिला न्यायला आला.

चाचांच्या सवयीचे किस्से मी चहाच्या टपरीवर किती रंगवून सांगितले होते! फार लाज वाटली.

मग त्यांनी मोबाईलकडे बोट केलं. "त्येच्यात आमचं गावचं घर टाका."

मी टाकलं. खोल्या दोन, दिवे दोन. खाली पुढचा प्रश्न आला, घरात माणसं किती? मी चाचांकडे पाहिलं.

"पाच लिवा," ते म्हणाले. "ती गेलीच न्हवती."

मी पाच लिहिलं.