अक्काचा मंजूर शेवट

गोष्ट छापायची असेल तर तिला आधी कथानियमपालन दाखला लागतो, ही माहिती शिंपीमास्तरांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मिळाली. तोवर त्यांचा समज असा की गोष्ट लिहायला गोष्ट पुरते. मापाच्या वहीतल्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी थोरल्या बहिणीवर नऊ पानं लिहिली होती. आई गेल्यावर अक्कानं त्यांना वाढवलं, मशीनवर बसवलं, आणि लग्न होऊन गेली तरी आपल्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवली. एवढंच होतं त्यात. लिहिताना मास्तर दोनदा रडले होते.

अक्काला आता दिसत नव्हतं आणि ती मास्तरांकडेच राहत होती. त्यांनी पानं वाचून दाखवायला घेतली तेव्हा तिनं हात वर केला. "छापून आली की वाच. हातानं काय, किराण्याची यादीसुद्धा लिहितात."

तेव्हा मास्तर दाखल्याच्या कचेरीत गेले. तिथले तपासनीस साहेब सज्जन होते. त्यांनी आयुष्यात एकही गोष्ट लिहिलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती. भिंतीवर बारा नियमांचा तक्ता होता, आणि तक्त्याखाली ते बारा नियम मोडून थोर झालेल्या लेखकांच्या तसबिरी ओळीनं लावल्या होत्या.

"'अक्का फार मायाळू होती,'" साहेबांनी पहिलं वाक्य वाचलं आणि पेन्सिल उचलली. "नियम दोन. सांगायचं नाही, दाखवायचं. 'फार' काढा. 'मायाळू' काढा."

"मग 'अक्का होती' एवढंच राहील, साहेब."

"बघा, किती धारदार झालं!"

मास्तरांनी चाळीस वर्षांत गिऱ्हाईकाशी कधी वाद घातला नव्हता. खिसा डावीकडे हवा, तर डावीकडे. बाही तोकडी हवी, तर तोकडी. अंगावर बरं दिसणार नाही हे दिसत असलं तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. तीच सवय इथे नडली. साहेब सांगत गेले, मास्तर मान डोलावत गेले, आणि घरी येऊन त्यांनी गोष्ट उसवायला घेतली.

दुसऱ्या खेपेला अडलं ते संघर्षावर.

"तुमच्या अक्काच्या वाटेत आडवं कोण येतं?"

"कुणीच नाही हो. दाजी तर तिच्याआधी माझं ताट वाढायचे."

"नियम पाच. खलनायक अनिवार्य. हे दाजी हयात आहेत?"

"नाही. नऊ वर्षं झाली जाऊन."

"मग हरकत घ्यायलाही कुणी नाही. त्यांना दारू पाजा."

दाजींनी जन्मात चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. मास्तरांनी त्यांना तीन परिच्छेदांत व्यसनी केलं आणि चौथ्यात त्यांच्या हातून अक्काचं शिलाई मशीन विकवलं. हे करताना त्यांना भिंतीवरच्या दाजींच्या फोटोकडे पाठ करून बसावं लागलं. स्वतःची लाज वाटली. साहेबांना मात्र हा भाग इतका आवडला की त्यांनी तो शेजारच्या टेबलावर वाचून दाखवला.

तिसऱ्या खेपेला नियम आठ निघाला. मुख्य पात्रात बदल घडलाच पाहिजे.

"अक्का कधी बदललीच नाही, साहेब," मास्तर पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात म्हणाले. "त्याचीच तर गोष्ट आहे!"

साहेबांनी बराच विचार केला. "अशा पात्रात एकच बदल घडवता येतो," ते म्हणाले. "शेवटी त्या जातात."

"अहो, ती घरी बसलीये! बटणं चाचपून वेगळी करतेय!"

साहेबांनी वाचकांच्या अभिप्रायांची नोंदवही पुढे सरकवली. 'म्हातारी शेवटपर्यंत जिवंतच. निराशा झाली.' 'सगळेच चांगले वागतात, असं कुठे असतं का?' 'शेवट चटका लावत नाही.' पानामागून पान भरलेलं होतं.

"नियम आम्ही करत नाही, मास्तर. आम्ही फक्त राबवतो."

मास्तरांना अक्काला तिची गोष्ट ऐकवायची होती. त्यासाठी त्यांनी सहाव्या पानावर अक्काला मारलं आणि दाखला घेतला.

गोष्ट छापून वार्षिक अंक आला. मास्तर तो घेऊन अक्कासमोर बसले आणि 'अक्का होती' पाशीच अडले. मग अंक नुसता उघडा धरून त्यांनी आपली जुनी पानं आठवतील तशी म्हणून दाखवली. दाजींचं नाव आलं तशी अक्का हसली. "एवढं सगळं छापलंय?" तिनं विचारलं. मास्तर हो म्हणाले. एवढं धडधडीत खोटं ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते.

दोन दिवसांनी अंकातल्या पत्त्यावर एक वाचकबाई सांत्वनाला आल्या. दार अक्कानंच उघडलं.

"त्या अक्का गेल्या ना, त्यांच्या घरचं कुणी आहे का?"

"अक्का मीच. या ना, आत या."

बाईंच्या चेहऱ्यावर आधी भीती दिसली, आणि मग राग. "म्हणजे तुम्ही आहात? अहो, मी काल दिवसभर जेवले नाही!" फसवणूक झाली म्हणत त्या तडक कचेरीत गेल्या.

आठवड्यानं नोटीस आली. 'सदर कथेचा मंजूर शेवट व वस्तुस्थिती यांत तफावत असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. मंजूर शेवटात बदल अनुज्ञेय नसल्याने वस्तुस्थितीत योग्य ती सुधारणा पंधरा दिवसांत करून अहवाल सादर करावा.'

मास्तरांनी अक्काला नोटीस वाचून दाखवली, आणि मग सगळंच सांगून टाकलं. आपल्या मरणाबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही.

"ह्यांना दारू पाजलीस?"

मास्तर हो म्हणाले.

"मी मेले तर मेले रे. पण ह्यांना आधी शुद्धीवर आण."

दुसऱ्या दिवशी मास्तर कचेरीत गेले आणि चाळीस वर्षांचा न घातलेला वाद त्यांनी एका दमात घातला. टेबलावर हात आपटला. साहेब सज्जनच होते. त्यांनी मास्तरांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि अर्जही लिहून घेतला. दाजी शुद्धीवर, अक्का जिवंत, कुणीही कुणाशी वाईट वागत नाही. असा अपवाद वाचकांची हरकत नसेल तर करता येतो, असं त्यांनी सांगितलं, आणि नोटिशीची मुदत संपेपर्यंत अर्ज वाचकांच्या मतासाठी खुला ठेवला.

मुदत आज संपते आहे. अक्का ठणठणीत आहे, सकाळी दोन वेळा चहा प्यायली, आणि यापुढे या गोष्टीत काहीही घडणार नाही. हे वाचून आपला जो किंचित हिरमोड झाला, तो कचेरीनं हरकत म्हणून नोंदवून घेतला आहे.