फणसाची साक्ष

आंजर्ल्याहून दादूशेठचा फोन आला तेव्हा दीपक डोर्लेकर मांडवीच्या आपल्या घरात, बांगडे साफ करणाऱ्या बायकोला "चिरा जरा खोल पाड" असा सल्ला देत उभे होते. (मत्स्य खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून मासळीतलं आपल्याला कळतं, असा त्यांचा समज होता. मनिषाबाईंनी तो दूर केला नव्हता, कारण त्यात वेळ गेला असता.)

"बाकी सगळा पसंत हाय हो," दादूशेठ म्हणाले. "पोरांनी एकमेकांना पसंत केल्यानी, आमाला तुमी पसंत. फकस्त आमची आई घरानं विचारते. येताव तवा घरान्याचा काय ता चार शब्द सांगा, म्हंजे झाला."

एखादा शहाणा माणूस मूळ गाव आणि कुलदैवत सांगून मोकळा झाला असता आणि जेवायला बसला असता. दीपकरावांनी घराण्याचा इतिहास लिहून न्यायचं ठरवलं.

त्यांचंही अगदीच चुकलं असं नाही. दादूशेठच्या आईनं, म्हणजे ठमाबाईंनी, नातवाला आलेली याआधीची स्थळं घराण्यावरूनच परत पाठवली होती. आणि इथे तर दादूशेठचा अजिंक्य आणि दीपकरावांची सलोनी कॉलेजपासून एकमेकांवर जीव टाकून बसलेले. सलोनी एकुलती एक. फोन आल्यापासून पोरगी भातात आमटी कालवायची आणि तशीच बसून राहायची. दीपकरावांना ते बघवत नव्हतं. पोरीसाठी काहीही करायची त्यांची तयारी होती. त्यांना काय करू नये हे मात्र कधी कळलेलं नव्हतं.

आता, घराण्याबद्दल त्यांना स्वतःला माहीत होतं ते एवढंच, की आजोबांचं नाव भिवा आणि ते "कायम कोर्टात असायचे". वडील एवढं सांगत आणि विषय बदलत. ते विषय का बदलतात, हा प्रश्न दीपकरावांना साऱ्या जन्मात पडला नाही. कोर्टात म्हणजे शिरस्तेदार असणार, निदान नाझर तरी असणार, असं धरून ते जुन्या दफ्तरातून नकला काढायच्या मागे लागले. अर्ज झाले, खेटे झाले, धुळीनं सर्दी झाली. शिरस्तेदारांत भिवा सापडला नाही. नाझरांतही नाही. पण साक्षीदारांत मात्र जिकडे तिकडे भिवाच भिवा!

"हे बघ," नकलांचा गठ्ठा ओट्यावर आपटत दीपकराव म्हणाले. "राजापुरात मृत्युपत्रावर अंगठा उठला, आजोबा हजर. देवरुखात बांध सरकला, आजोबा हजर. संगमेश्वरात कुणाची म्हैस कुणाच्या विहिरीत पडली, तिथंही आजोबा हजर! प्रत्येक ठिकाणी 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.' काय मान असेल गं माणसाला!"

"आणि मासे कधी मारायचे?" मनिषाबाईंनी विचारलं.

"लोकांचा विश्वास होता त्यांच्यावर. भिवा बोलला म्हणजे खरं."

"अहो, पण हा राजापूरचा अंगठा आणि ही संगमेश्वरची म्हैस एकाच दिवशीची आहे."

"तेव्हाची माणसं खूप चालायची," दीपकराव म्हणाले.

एका उलटतपासणीत वकिलानं भिवाला विचारलं होतं, की एवढ्या काळोखात तुला माणूस ओळखता कसा आला? भिवानं उत्तर दिलं होतं, "चांदणं पडलेलं होतं." ती अमावस्या होती, असं वकिलानं दाखवून दिल्यावर भिवा म्हणाला होता, "तेवढ्यापुरतं पडलं होतं." हे वाचून दीपकरावांचा ऊर भरून आला. वकिलासमोर एवढं ठाम बोलायला अंगात सत्यच लागतं, असं त्यांचं मत पडलं. मनिषाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बांगडे तव्यावर टाकले.

पण खरा खजिना शेवटी सापडला. आंजर्ल्यातल्या एका फणसाच्या झाडावरून झालेल्या दाव्यात आजोबांची साक्ष होती. आंजर्ल्यातल्या! म्हणजे व्याह्यांच्या गावाशी आधीपासूनच संबंध! (दाव्याचं पहिलं पान, ज्यावर भांडणाऱ्यांची नावं असतात, ते दीपकरावांनी काढलं नव्हतं. त्यावर आजोबांचं नाव नव्हतं.) त्यांनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं, प्रत्येक पानाला लॅमिनेशन केलं आणि वर सोनेरी शाईत मथळा घातला: 'सत्यवचनी भिवा'.

मे महिन्यातल्या एका रविवारी तिघं निघाली. जयगडची खाडी फेरीबोटीनं ओलांडली, दाभोळची ओलांडली. दीपकराव सगळ्या वाटेनं मोठ्यानं वाचून तालीम करत होते. मनिषाबाई गणपतीपुळ्याला जे डोळे मिटून बसल्या ते त्यांनी बुरोंडी गेल्यावर उघडले. कड्यावरच्या गणपतीला सलोनीनं इतका वेळ हात जोडले, की मागच्या माणसांना खाकरावं लागलं.

दादूशेठच्या घरी आदरातिथ्य जोरात झालं. पडवीत खुर्च्या मांडलेल्या, आत दादूशेठची बायको सोनूबाई सुरमई तळत होत्या आणि त्या वासानं दीपकरावांचा आवाज आपोआप गोड झाला. बाकावर काष्ट्याचं लुगडं नेसलेल्या, मूठभर अंगाच्या ठमाबाई बसल्या होत्या. कानानं कमी, डोळ्यांनी टकटकीत.

"बोला," त्या म्हणाल्या. "जरा वरच्या आवाजात बोला. घरानं कंचा?"

दीपकराव उभे राहिले. राजापूरचा अंगठा झाला. देवरुखचा बांध झाला. म्हैस विहिरीत पडली. दादूशेठ कौतुकानं मान हलवत होते आणि अजिंक्य सलोनीला डोळ्यांनी 'जमतंय' असं सांगत होता. मग दीपकरावांनी एक श्वास घेतला आणि आवाज चढवून आंजर्ल्याचा फणस काढला.

"थांब," ठमाबाई म्हणाल्या. "कोन भिवा? मांडवीचो भिवा?"

"हो! माझे सख्खे आजोबा!"

ठमाबाई बाकावरून खाली उतरल्या. त्यांना उतरताना घरातल्या कुणी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ता झाड ह्या घराचा," त्या म्हणाल्या. "माज्या आजेसासऱ्यान लावलान. मी नवी नवरी व्हती, सासऱ्याची भाकरी घेवन कोर्टात गेली व्हती. ह्या कानांनी आयकलाय मी. तुजो भिवा उभा ऱ्हायला नि सांगतो कसो, 'सायेब, माज्या डोळ्यांदेखत ह्यांच्या भावकीन झाड लावलान, मी सोता आळ्यात पानी वतलाय.' झाड साठ वर्सांचा नि भिवा चाळिशीचा! जन्माच्या आदी पानी वतीत व्हता मेला!"

दीपकरावांनी हातातलं लॅमिनेशन हळूच पाठीमागे नेलं.

"फनस गेला भावकीकडं. तवापासना दर शिमग्याला पालखी दारात आली, की आमी गाऱ्हाना घालतो." ठमाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ज्यान आमच्या फनसावर खोटी साक्ष दिलान, त्याच्या वंशात कोनाला फनस पचू देव नको!"

"होय म्हाराजा!" दादूशेठ सवयीनं ओरडले. अजिंक्यही ओरडला. स्वयंपाकघरातून सोनूबाईंचाही "होय म्हाराजा" आला. मग तिघांनाही पाहुणे कोण आहेत ते आठवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दीपकरावांना फणस पचत नसे. त्यांच्या वडिलांना पचत नसे. एक गरा पोटात गेला, की डोर्लेकरांच्या पोटात इंजिन सुरू व्हायचं आणि मग पुढे काही विचारू नये. रत्नागिरीत राहून हे लपवणं सोपं नव्हतं. लोकांना ते डायबेटिस सांगत.

मनिषाबाईंनी "अगबाई!" म्हणून तोंडावर पदर धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते दीपकरावांना कळेना. त्यांनी सलोनीकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरून आले होते. आणि त्या क्षणी दीपकरावांचं काळीज असं काही हललं, की ज्या सत्यासाठी त्यांनी सोनेरी शाई आणली होती ते सत्य सुरमईच्या वासाबरोबर कौलांतून वर निघून गेलं.

"आजी, तो भिवा आमचा नव्हे!" ते म्हणाले.

"आत्ता तर सख्खे आजोबा म्हनलास!"

"म्हशीपर्यंतचे आमचे. हे फणसाचं पान लॅमिनेशनवाल्यानं चुकून घातलंय. मांडवीत त्या काळी तीन भिवा होते, आजी. एक आमचे आजोबा, देवमाणूस. दुसरा भिवा मुंबईला बोटीवर गेला तो आलाच नाही. आणि तिसरा हा, फणसवाला! उजव्या पायानं लंगडा, गालावर मस. मी लहान असताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. आमच्या आजोबांनी तर त्याला जेटीवर सगळ्यांदेखत विचारलं होतं, 'अरे भिवा, गरिबाचा फणस कुठं फेडशील?' तेव्हा तो ढसाढसा रडला होता. मी त्याला पाणी आणून दिलं होतं."

दीपकराव घामाघूम होऊन थांबले. (त्यांचे आजोबा त्यांच्या जन्माआधीच वारले होते. पण बोलताना त्यांना तो लंगडा भिवा खरोखर दिसत होता.) दादूशेठचा चेहरा खुलला. सलोनीनं डोळे पुसले. मनिषाबाई मात्र संसारात पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडे बघावं तशा नवऱ्याकडे बघत होत्या.

"असा व्हय," ठमाबाई शांतपणे म्हणाल्या. "सोनू, गरे आन."

"कसले गरे?" दीपकरावांनी विचारलं.

"त्याच झाडाचे. भावकी दर वर्साला धाडते, आमाला जळवायला. तू दुसऱ्या भिवाचो ना? मग तुला काय व्हनार नाय. खा."

सोनूबाईंनी ताट आणून ठेवलं. पिवळेधमक कापे गरे, एकेक तळहाताएवढा. "अहो, सांगून टाका," मनिषाबाई कानाशी पुटपुटल्या. पण दीपकराव आता माघार घेण्यातले नव्हते. त्यांनी पहिला गरा उचलला. "वा, काय गोडी!" म्हणाले. दुसरा उचलला. "आमच्याकडे तर रोज फणसच असतो," म्हणाले. तिसऱ्याला त्यांनी आठळीच्या भाजीचा विषय काढला. चौथा हातात होता, तेव्हा इंजिन सुरू झालं.

पहिला आवाज बारीक होता. दादूशेठना वाटलं, खाडीत कुणाची होडी सुटली. दुसऱ्या आवाजाला पडवीखालचं मांजर उठून अंगणात गेलं. तिसरा तर ठमाबाईंनाही ऐकू आला.

"मागच्या अंगाला, विहिरीच्या पलीकडं," अजिंक्यनं घाईघाईनं हात करून दाखवला आणि दीपकराव, सत्यवचनी भिवाचे सख्खे नातू, धोतर सावरल्यासारखी पँट सावरत धावले.

तिथे बसून त्यांनी खूप विचार केला. पोरीचं लग्न आपण आपल्या तोंडानं मोडलं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी आलं. आजोबांनी एक फणस घालवला होता, आपण तर पोरीचं घर घालवलं. परत जाऊन ठमाबाईंचे पाय धरायचे, असं ठरवून ते कसेबसे बाहेर आले.

पडवीत आले तर पानं वाढलेली होती आणि सगळे हसत होते. ठमाबाईंनी सलोनीला शेजारी बसवून घेतलं होतं आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. दीपकरावांच्या गैरहजेरीत निकाल एकतर्फी लागला होता.

"देव जागृत हाय रे आमचो!" दीपकरावांना पाहताच ठमाबाई म्हणाल्या. त्यांच्या आनंदाला सीमा नव्हती. "इतकी वर्सा गाऱ्हाना घातला, वाया नाय गेला. आज ह्या डोळ्यांनी बगितलाय. पोर गोड हाय तुजी. सुपारी फोडू."

दीपकराव खाली वाकले आणि पाया पडता पडता तिथेच बसले.

"पन एक अट हाय," ठमाबाई म्हणाल्या. "फनसाकडचा कुंपन भावकीन आमच्या जाग्यात सरकवलान. केस चालू हाय. फुडल्या म्हयन्यात तारीख. आमाला साक्षीदार व्हया. आज्यान तोंडान घालवलान, नातवान तोंडान आनायचा."

"पण आजी, ते कुंपण सरकताना मी पाहिलेलं नाही!"

"भिवान तरी झाड लावताना कवा बगितलान व्हता?"

"आजी, खरंच सांगतो, मला खोटं बोलता येत नाही हो," दीपकराव काकुळतीला येऊन म्हणाले.

यावर पडवीत जो हशा उठला, तो थांबता थांबेना. दादूशेठना ठसका लागला.

"तीन भिवा!" ठमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "लंगडा, नि गालावर मस! खुद्द भिवाला पन इतका सुचला नसता रे!"

दीपकरावांनी सलोनीकडे पाहिलं. "पप्पा, प्लीज," ती म्हणाली. मग त्यांनी शेवटचा आधार म्हणून बायकोकडे पाहिलं. मनिषाबाई सुरमईचा काटा काढण्यात गुंतल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"जा हो," त्या म्हणाल्या. "घराण्याचं नाव काढा."