भिंत धुवायची राहिली

मुनेओसाननी बैठकीच्या भिंतीकडे बघून एक लांबलचक ‘हं’ केलं, आणि स्वयंपाकघरात मुळा किसत बसलेल्या तोकिएबाईंचा हात किसणीवरच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याचे सगळे ‘हं’ पाठ झाले होते. चहाचा आखूड असायचा, पेंगताना केलेला नाकातून यायचा. हा तिसराच होता.

“काय झालं?” त्यांनी आतूनच विचारलं.

“काही नाही. भिंत बघतोय.”

“बघा. हात लावू नका.”

भिंत काय वाईट नव्हती. बारीक मातीचा हात दिलेली, गव्हाळ रंगाची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रविवारी क्योतोहून पाहुणे येणार होते. मुलगी चिहारु आणि तिचा इओरि, दोघांचं कधीच ठरलं होतं. अडलं होतं ते इओरिच्या वडिलांपाशी. निशिओजिसान म्हणजे क्योतोतले जुने, मानी रंगारी. “घर बघू, माणसं बघू, मग बोलू,” एवढंच म्हणून त्यांनी होकार अडकवून ठेवला होता. चिहारुने बिचारीने नागोयाहून फोन करून विनवलं होतं, “बाबा, तुम्ही एकच करा. काही करू नका. नुसते बसा.”

आता आमच्या शिरोकोतल्या माणसाला नुसतं बस म्हणणं सोपं, बसणं अवघड. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या साचे कोरतात. फळाच्या रसात मुरवलेला, धुरावलेला तपकिरी कागद घ्यायचा आणि बारीक सुरीने त्यात लाटा, फुलं, पाखरं कोरायची. ते साचे क्योतोला जातात आणि कापड रंगवतात ते क्योतोवाले. मुनेओसानच्या साच्यांवरून कुणाकुणाच्या लग्नाचे किमोनो रंगले असतील, पण त्यांनी स्वतः जन्मात हातरुमालसुद्धा रंगवला नव्हता. पातेली घडवणाऱ्याला स्वयंपाक येतो असं थोडंच आहे? पण हे मुनेओसानना सांगणार कोण!

“त्यात काय एवढं?” ते म्हणाले. “आपल्या घरात आपलाच साचा. दाराला पडदा, बसायच्या गाद्या, भिंत, सगळीकडे लाटा. निशिओजिसान आत पाऊल टाकतील आणि गप्पच होतील.”

“ते आधीच गप्प आहेत. आपल्याला त्यांना बोलतं करायचंय.”

शुक्रवारी तोकिएबाई चांगल्या वाट्या उसन्या आणायला त्सूला बहिणीकडे गेल्या. बहिणीने जेवायला थांबवून घेतलं. एका दुपारीत एकटा माणूस किती घोळ घालू शकतो, याचा त्यांना अंदाज नव्हता असं नाही, पण वाट्याही हव्या होत्या.

मुनेओसानना रीत ऐकून माहीत होती. चिकट तांदूळ दळायचे, कोंडा मिसळून वाफवायचे, घोटून खळ करायची. साचा ठेवायचा, वरून खळ फिरवायची, म्हणजे भोकाभोकातून नक्षी उमटते. ती वाळली की सगळीकडे रंग मारायचा, आणि शेवटी पाण्यात बुडवून खळ धुऊन टाकायची. खळीखालचं तेवढं पांढरं राहतं. “आणि एवढ्यासाठी हे क्योतोवाले इतका भाव खातात!” असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या.

संध्याकाळी तोकिएबाई परत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

“अहो, हा वास कसला?”

“कलेचा.”

“माझे चिकट तांदूळ कुठे गेले? रविवारी शुभकार्याचा लाल भात करायचा होता त्याचे?”

मुनेओसाननी भिंतीकडे बोट दाखवलं.

“सगळे?”

“छे, छे. थोडे गाद्यांवर आहेत.”

तोकिएबाईंनी वाट्यांचं गाठोडं खाली ठेवलं आणि आता कुठून सुरुवात करावी याचा विचार करायला लागल्या. तेवढ्यात मुनेओसाननी न्हाणीच्या हौदात भिजत घातलेला पडदा काढून त्यांच्यासमोर झटकला. निळ्याशार कापडावर पांढऱ्याशुभ्र लाटा, एक रेघ इकडची तिकडे नाही. तोकिएबाईंचा राग घटकाभर कुठल्या कुठे गेला. “अगंबाई, चांगला झालाय की हो!” त्या म्हणून गेल्या, आणि तिथेच घात झाला. त्या घरात मुनेओसानना कुणी चांगलं म्हणायची सवय नव्हती. त्यांच्या अंगात बळ संचारलं.

मग गाद्या. गाद्यांवर खळ लावताना खोळी काढाव्यात हे त्यांना सुचलं नव्हतं, त्यामुळे गाद्या कापसासकट हौदात गेल्या. घालायला एकटा पुरला, बाहेर काढायला दोघं लागली. एकेक गादी सुमो पैलवानासारखी हौदातून उठायलाच तयार नव्हती. शेवटी त्या मागच्या कठड्यावर टाकल्या आणि फेब्रुवारीच्या वाऱ्यात त्या ठिबकत बसल्या.

“रविवारपर्यंत वाळतील?”

“कुठल्या वर्षीच्या?” तोकिएबाईंनी विचारलं. मग एप्रनला हात पुसत त्या बैठकीत आल्या, भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “अहो, ही कशात बुडवणार?”

मुनेओसान बादली घेऊन उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली.

पण हार मानेल तो मुनेओ कसला! “भिंत पाण्याकडे जात नसेल,” ते म्हणाले, “तर पाण्याने भिंतीकडे जायला काय हरकत आहे?” आणि तोकिएबाई “अहो, माती आहे ती!” म्हणेपर्यंत त्यांनी बागेतली नळी आणून कोपऱ्यावर धार सोडलीसुद्धा. माती, रंग आणि खळ, तिघीही बहिणी बहिणी असल्यासारख्या गळ्यात गळे घालून चटईवर उतरल्या. आतले बांबू दिसायला लागले.

“बंद करा!”

“केली, केली.”

कोपऱ्यासमोर मोठी फुलदाणी ठेवली. भोक झाकलं गेलं. मग मुनेओसान चार पावलं मागे गेले, मान तिरकी केली आणि म्हणाले, “न धुताच छान दिसते की. लाटा कशा वर आल्यात! उठावाचं काम म्हणतात याला.”

“कोण म्हणतं?”

“आजपासून म्हणतील.”

शनिवारी चिहारु आली. आधी भिंत बघितली, मग बापाकडे बघितलं.

“बाबा, मी काय सांगितलं होतं? नुसते बसा म्हटलं होतं ना?”

“खालची ओळ बसूनच केली.”

एरवी ती हसली असती. आज ती उंबऱ्यावरच बसली, बूटही काढले नाहीत. “आधीच त्यांना वाटतं की आपण खेडवळ. बाबा, हे लग्न मोडलं ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही. रागाने नाही म्हणत. खरंच नाही बोलणार.” मुनेओसाननी ‘हं’सुद्धा केलं नाही. रात्रभर त्यांनी बैठकीत रॉकेलची शेगडी पेटती ठेवली, निदान भिंत कोरडी तरी होईल म्हणून.

रविवारी पाहुणे आले. निशिओजिसान उंच, ताठ, काखेत कापडी गाठोडं. निशिओजिबाई नाजूक, बोलणं साखरेत घोळलेलं. मागून इओरि, वराच्या चेहऱ्याने कमी आणि परीक्षेला बसलेल्या पोराच्या चेहऱ्याने जास्त. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या गाद्यांवर सगळे बसले. लाल भात नव्हताच. त्याच्या जागी तोकिएबाईंनी शुभ मानतात तो ताइ मासा अख्खा भाजून आणि शिंपल्यांचं सार मांडलं होतं. पाहुणे गारठून आले म्हणून शेगडी मोठी केली.

निशिओजिबाईंनी भिंतीवर नजर फिरवली. “अय्या, किती बोलकी भिंत आहे हो तुमची!”

तोकिएबाईंचं धाबं दणाणलं. क्योतोच्या बाईने तोंडभरून कौतुक केलं, की त्या गोडाच्या पोटात टोमणा असतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

आणि खरंच, भिंत बोलायला लागली. टक्.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. खळ वाळली होती, शेगडीच्या उबेने आवळत होती, आणि आवळता आवळता आपल्याखालची माती घेऊन सुटत होती. टक्. एक लाट चटईवर पडली. निशिओजिसान म्हणाले, “मुलांच्या बाबतीत माझं म्हणणं असं आहे, की...” टक्. टक् टक्. “की घराणं...” आणि हाताच्या पंजाएवढी एक लाट सुटली, फुलदाणीवर आपटली, उडाली आणि नेमकी निशिओजिसानच्या सारात जाऊन पडली.

चिहारुने डोळे मिटून घेतले.

मुनेओसान गादीवरून खाली सरकले आणि कपाळ चटईला टेकवून म्हणाले, “हे सगळं माझं कर्तृत्व आहे. पोरीने बजावलं होतं, काही करू नका म्हणून. मला वाटलं, तुमच्यासारख्यांसमोर आपलं घर हलकं दिसू नये. तिचा यात काडीचा दोष नाही. जे बोलायचं ते मला बोला, पण तिला नाही म्हणू नका.”

वाटी बाजूला ठेवून निशिओजिसान उठले, भिंतीजवळ गेले. वास घेतला. नखाने एक लाट खरवडली.

“खळीत चुना नाही घातलात.”

“घालायचा असतो?”

“असतो. आणि ही धुणार कुठे होतात?”

मुनेओसान चटईकडेच बघत म्हणाले, “बागेची नळी आणली होती.”

निशिओजिसाननी फुलदाणी जराशी सरकवली, मागचे बांबू बघितले आणि फुलदाणी होती तिथे ठेवली. जागेवर येऊन बसले. बराच वेळ त्यांचे हात त्या गाठोड्यावर नुसतेच फिरत राहिले.

“तुमच्यासाठी भेट आणली होती,” ते शेवटी म्हणाले. “वाटभर ही म्हणत होती, गाडीतच राहू द्या. मीही ठरवलं होतं, काढायचीच नाही. पण तुमची भिंत बघितली आणि धीर आला.”

“अहो, नका!” निशिओजिबाई कळवळल्या. तोवर गाठ सुटली होती.

आत भिंतीवर टांगायचं रेशमी कापड होतं. रंग म्हणाल तर असा, की नजर हटू नये. पहाटेच्या आभाळाचा लाल कुठे संपतो आणि निळा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. आणि त्या आभाळाखाली दोन पांढरेफेक गोळे काटकुळ्या पायांवर उभे होते.

तोकिएबाईंनी हळूच विचारलं, “भोपळे?”

“सारस,” निशिओजिबाई म्हणाल्या. “जोडी आहे. डोकी गळाली.”

“साचा मी स्वतः कोरला,” निशिओजिसान मान खाली घालून म्हणाले. “वाटलं, व्याही साचेवाले, त्यांच्यापुढे आपणही थोडं काहीतरी... कागदाला भोकंच तर पाडायची, त्यात काय एवढं?”

मुनेओसाननी मान वर केली. कापड जवळ ओढलं, गळालेल्या मानेच्या जागी बोट ठेवलं. “दुवे नाही ठेवलेत. आतला तुकडा कागदाला बारीक दुव्यांनी धरून ठेवावा लागतो, नाहीतर गळून पडतो.”

“ठेवायचे असतात?”

“असतात.”

तेवढ्यात भिंतीने टक् केलं, आणि पहिल्या हसत सुटल्या त्या तोकिएबाई. मग निशिओजिबाई. साखरेत घोळलेली ती बाई पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून हसली. “यांनी माझा स्वयंपाकाचा ओटासुद्धा कोरून टाकलाय हो!”

“यांनी माझे तांदूळ भिंतीला चोपडले!”

निशिओजिबाईंनी डोळे पुसले आणि चिहारुचा हात आपल्या हातात घेतला. “अशा बापाच्या घरात वाढून जिचं डोकं ठिकाणावर राहिलं, ती आमच्याकडे सहज नांदेल. मला ही मुलगी हवी. यांना काय विचारायचंय!” यात क्योतोचा एक शब्द नव्हता, सगळं सरळ. चिहारु रडायला लागली. इओरिने सगळ्यांची नजर चुकवून सासऱ्याच्या भिंतीला एक नमस्कार केला.

जेवण होईपर्यंत दोघा व्याह्यांची अशी गट्टी जमली, की विचारू नका. दुःखाची गोष्ट इतकीच, की दोघांनाही आता दुसऱ्याचा धंदा आपल्याला आला असं वाटायला लागलं. “चुना घातला असता तर भिंत टिकली असती,” मुनेओसान म्हणाले. “दुवे ठेवले असते तर सारस उडाले असते,” निशिओजिसान म्हणाले. “पोरांच्या नव्या घरात करू!” हे दोघेही एकदमच म्हणाले.

चिहारुने आणि इओरिने एकमेकांकडे पाहिलं. हसणं थांबलं.

वसंत लागायच्या आत दोघांनी नागोयात भाड्याचं घर शोधलं. भिंती सिमेंटच्या. घरमालक हिराबायाशिसान तापट म्हणून प्रसिद्ध, आधीच्या भाडेकरूला एका खिळ्यावरून काढलेला. बाकीची माणसं अशा मालकापासून लांब पळतात, ही दोघं त्याच्यासाठी मिठाईचा डबा घेऊन गेली. “काका, एवढं एकच करा,” चिहारु म्हणाली. “आमचे वडील घर बघायला येणार आहेत. भिंतीला बोट लावायचं नाही, हे त्यांना समोर बसवून खडसावून सांगा. आमचं ते ऐकणार नाहीत.”

“बोट? नजरसुद्धा लावू देणार नाही,” हिराबायाशिसान म्हणाले.

ठरल्या दिवशी दोघे व्याही गळ्यात गळे घालून आले. हिराबायाशिसान त्यांना घेऊन खाली स्वतःच्या बैठकीत गेले आणि दार लावलं. वर चिहारु आणि इओरि कान देऊन बसले. आधी हिराबायाशिसानचा चढलेला आवाज आला. मग मुनेओसानचा. मग निशिओजिसानचा. मग चहाच्या कपांचा. मग बराच वेळ काहीच नाही.

शेवटी हिराबायाशिसान जिना चढून आले. चेहऱ्यावर तेज होतं आणि कपाळाला कसलासा पांढरा डाग.

“निश्चिंत राहा,” ते म्हणाले. “तुमच्या भिंतींना कुणी हात लावणार नाही. मी स्पष्ट सांगितलं.”

“फार उपकार झाले, काका!”

“ते आता माझ्या बैठकीचं काम धरतायत. हौसेने करून घेतलेली मातीची भिंत आहे ना माझी, त्यांना आवडली. माणसं जाणकार आहेत हो तुमची! फक्त एक अडचण आहे...” त्यांनी जरा खाकरून घेतलं. “तुमच्याकडे बागेची नळी आहे का?”

चिहारुने सकाळीच मिळालेली घराची किल्ली पर्समधून काढली आणि दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, त्यांना परत केली.