संपतरावांचे बांधलेले हात

संपतराव जंगलातलं तण काढायचे. तुमच्या वाचण्यात चूक झालेली नाही. मळ्यातलं नव्हे, जंगलातलं! पहिल्या दिवशी ते पाहून मी असा हबकलो की दौत कलंडून माझं धोतर निळं झालं.

मी अमरावतीच्या जंगल कचेरीतला कारकून. चिखलदऱ्याकडच्या एका घळीत वैशाखातही पानं झडत नाहीत. तिथे काय काय उगवतं त्याची यादी करायला सरकारने संपतरावांना पाठवलं आणि लिहायला मला. चार खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि आतलं झाड, वेल, रोप एकूणएक मोजायचं. संपतराव चांदूर बाजारचे, जातिवंत माळी. बायको रुक्मी वारल्यावर मळा भावाला देऊन सरकारी चाकरीत शिरलेले. पानाला नुसतं बोट लावून नाव सांगत. पण ते हात! तोंड नावं सांगतंय आणि हात खाली उपटतोय. जे मोजायचं त्याचाच दोरीबाहेर ढीग!

“अहो, हे काय करता?”

“काय करून राहिलो?” मग मुठीकडे पाहून, “अरे बाप्पा! सवय हाये जी. गचपन दिसलं का हात थांबतच नाई.”

“हा तुमचा वाफा नाही, सरकारी जंगल आहे!”

“जंगल असलं म्हनून काय झालं? इतकी दाटी कोनाले बरी वाटते?”

जित्याची खोड! शेवटी मी रोज सकाळी त्यांचे हात त्यांच्याच दुपट्ट्याने मागे बांधू लागलो. तेही गुमान बांधून घेत. लाकडं वेचायला आलेल्या बायांना वाटे, कारकुनाने चोर धरला.

घळीच्या तळाशी एक अवाढव्य झाड होतं. त्याचं नाव तिथल्या कोरकू आदिवासींनाही ठाऊक नव्हतं. आमच्या कचेरीच्या साहेबाला घळ तोडून कॉफी लावायची होती. या झाडाचं खाली एक जरी रोप असेल तर घळ राखू, नाहीतर म्हातारं खोड ठेवून काय करायचं, असं त्याचं म्हणणं. सोमवारी तो स्वतः बघायला येणार होता. शनिवारी संपतरावांना एक रोप दिसलं. वीतभर! आनंदाच्या भरात मी त्यांचे हात सोडले. ‘रोप एक’ लिहून मान वर केली, तर भोवतालचं गवत साफ करता करता रोपच त्यांच्या मुठीत, मुळासकट!

संपतराव पांढरेफटक पडले.

“मी मारलं याले,” एवढंच बोलले.

त्यांनी ते पुन्हा लावलं, काड्यांवर आपला फेटा पसरून सावली केली, प्यायचं पाणी ओंजळीने घातलं. रोप लोळलं ते लोळलंच. दोन दिवस हा माणूस जागचा हलला नाही. मला राग येत होता आणि रडूही.

सोमवारी सकाळी पानं उभी राहिली. साहेब आला, फेट्याखाली वाकून पाहिलं, “राखा” म्हणाला आणि गेला.

“सुटलो बुवा! चला, सामान बांधा,” मी म्हणालो.

“तुमी जा जी. पानी पडेपर्यंत मी अठीच राह्यतो.”

“अहो, नोकरी जाईल!”

“जाऊ द्या.” ते फेट्याची कड नीट करत होते. “रुक्मी गेली तवा मी अकोल्याच्या बाजारात वांगे विकून राहिलो होतो. घरी कोनी नोतं. याच्यापाशी तरी कोनी पायजे.”

मी घागर उचलली आणि झऱ्यावर पाणी आणायला गेलो.