सोनोग्राफी कुणाची?

कोल्हापुरातल्या सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर गणपती कांबळे हा एकटाच पुरुष होता. आजूबाजूला सगळ्या पोटुशा बाया, कुणाबरोबर सासू, कुणाबरोबर आई. कोडोलीत जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला हा गडी टोपी मांडीवर घेऊन भिंतीकडं बघत बसला होता.

गुडघे आणि पाठ त्याला कित्येक वर्षं छळत होते. मोठ्या डॉक्टरांनी लघवी तपासून सांगितलं होतं की हा जन्माचा, रक्तातून आलेला आजार आहे. अंगात एक आम्ल जिरत नाही, ते काळं होऊन सांध्यांत साचत राहतं. सांधे किती बिघडलेत, ते आता सोनोग्राफीत बघायचं होतं.

"एक्स-रे काढू की," गणपतीनं सुचवून बघितलं होतं. "सोनोग्राफी बायकांची असतिया."

"सांध्यांचीबी असती, आबा," असं म्हणत लेकीनं, संघप्रियानं, शाळेत रजा टाकून त्याला आणलं होतं. ती लग्नानंतर कोल्हापुरातच राहायची. आत्ता ती पाण्याची बाटली आणायला खाली गेली, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या गल्लीतली चिमणाबाई सुनेला घेऊन आत आली.

"अवं दाजी, तुमी हिकडं कसं? कुणाची सोनोग्राफी?"

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या.

"पोरीची," गणपती म्हणाला.

बोलून गेला खरा. पण संघप्रियाच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि सारं कोडोली या एका बातमीकडं डोळे लावून बसलं होतं. चिमणाबाईचा चेहरा उजळलेला बघून त्याला आपली चूक कळली. ती निस्तरायच्या आत "कांबळे" अशी हाक आली. "जरा डॉक्टरांशी बोलून येतो," म्हणत तो आत सटकला.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याला गार जेल फासून यंत्र फिरवलं. मग टाचेवर फिरवलं.

"हे बघा, इथली कूर्चा झिजलीय. टाचेची शीर जाड झालीय. जपलंत तर गुडघे अजून बरीच वर्षं साथ देतील. आईवडील नात्यातले होते का?"

"आई म्हंजे वडलांच्या मामाची पोरगी."

"दोघांकडूनही दोष आला, म्हणून तुम्हाला आजार झाला. लेकीकडं तुमचा एकच आलाय, तिला त्रास नाही. जावयाचं रक्त तेवढं तपासून घ्या. त्यांच्यात दोष नसेल तर नातवंडांना हा आजार व्हायची भीती नाही."

नातवंडं म्हटल्यावर गणपतीला बाहेर बसलेली चिमणाबाई आठवली.

बाहेर आला तेव्हा संघप्रिया जिन्याशी फोन धरून उभी होती. सासूला ती आत्या म्हणायची.

"आबा, आत्यांचा फोन आलता. रडत हुत्या."

"का?"

"आनंदानं. चिमणाकाकूची भाची त्यांच्या शेजारी ऱ्हाती. डिंक-खोबरं घिऊन शाहूवाडीच्या येष्टीत बसल्यात. काय सांगितलंसा तुमी?"

त्यानं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"फोन करून खरं सांगू काय?"

"भरल्या गाडीत कसं ऐकतील त्या? घरी आल्यावर सांगा. तुमीच."

संध्याकाळी विहीण अंबूबाई संघप्रियाच्या घरी आल्या त्या थेट सुनेकडं. तिच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतला, तिला खुर्चीत बसवलं. गणपती गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"इहीणबाई, सोनोग्राफी माझी हुती."

"तुमची?" अंबूबाईंची नजर त्याच्या पोटाकडं गेली. नुकताच कामावरून आलेला जावई, प्रसेनजीत, हसू लपवायला भिंतीकडं वळला. मग कुणीच हसलं नाही.

गणपतीनं सगळं सांगून टाकलं. सांधे, काळं आम्ल, आईवडलांचं नातं, जावयाचं रक्त, काही लपवलं नाही. अंबूबाईंनी डिंकाची पुडी परत पिशवीत ठेवली.

"समद्या येष्टीला सांगितलं वो मी, पावणं. कंडक्टरनं पेढं मागितलं."

"चुकलं माझं."

"व्हय, चुकलंच. रगत तपासू. त्यात काय लाजायचं?"

मग गणपतीनं स्वतःच चिमणाबाईला फोन लावला. खरं ऐकून तिनं उलट विचारलं.

"गुडघ्याचीबी असतिया व्हय? आमच्या मालकांचंबी गुडघं लई कुरकुरत्यात. त्यास्नी दावायचं हुतं. तिथं नाव कसं लावायचं, सांगा की जरा."

गणपतीनं ते सांगितलं आणि फोन ठेवला. सकाळी त्या बाकावर 'माझी' एवढंच म्हणायचं होतं.

स्वयंपाकघरात संघप्रिया चहा गाळत होती. तो दाराशी जाऊन उभा राहिला.

"आत्या फोनवर इतक्या खात्रीनं बोलत हुत्या," ती गाळणीतून नजर न काढता म्हणाली, "की मलाबी घटकाभर वाटलं, असंल. आपल्यालाच ठावं न्हाय."

स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली. गणपतीनंही हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तिनं दिलेला कप त्यानं घेतला आणि गुडघे ठणकत असतानाही तो तिथंच, तिच्याजवळ, उभ्याउभ्या चहा पीत राहिला.