लिफ्टमध्ये अडकलेला तपासनीस

सरकारी तपासनीस हॉस्टेटलर लिफ्टमध्ये अडकले आणि व्हर्नन स्टकीच्या तोंडचं पाणी पळालं. कारण लिफ्ट त्याच्याच शाळेची होती, अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या ‘स्टकी इलेक्ट्रॉनिक्स इन्स्टिट्यूट’ची.

एके काळी इथे रांगा लागायच्या. युद्धावरून परतलेल्या पोरांची फी सरकार भरायचं आणि व्हर्नन काडेपेट्यांवर जाहिरात छापायचा, ‘टीव्ही दुरुस्ती शिका, नशीब उघडा!’ तीन मजले चढले, लिफ्ट आली, दारात कॅडिलॅक मोटार आली. पुढे टीव्ही बिघडेनासे झाले. बिघडलाच तर लोक नवा घेऊ लागले. आता सारा डोलारा सरकारी मान्यतेवर उभा होता, आणि तीच तपासायला हॉस्टेटलर आले होते. ती गेली की सरकारी फी बंद आणि शाळेला टाळं.

“लेलंड, काहीतरी कर!” व्हर्नन मुख्य शिक्षकावर खेकसला.

“लिफ्ट अभ्यासक्रमात नाही, साहेब.”

“मग काय आहे?”

“रेडिओचे व्हॉल्व्ह.”

“स्टकी!” आतून आवाज आला. “नव्वद टक्के पोरं याच क्षेत्रात नोकरीला आहेत म्हणता ना? बोलवा की एखाद्याला!”

हाक मारताच शाळेचे तीन माजी विद्यार्थी धावत आले. तिघांच्या गळ्यात टाय, हातात माहितीपत्रकं. त्यांना नोकरी शाळेनंच दिली होती, नवी गिऱ्हाइकं गाठायची.

त्यातल्या ड्वाइटनं दाराच्या फटीला तोंड लावलं. “सर, सध्याच्या नोकरीत समाधानी आहात?”

आतून उत्तर आलं, “नाही रे बाबा.”

“अंधारात चाचपडल्यासारखं वाटतं ना?”

“चाचपडतोच आहे, गाढवा!”

अखेर अग्निशामक दलानं दार उघडलं. घामानं निथळत हॉस्टेटलर बाहेर आले. “शाळेबाहेर, या क्षेत्रात नोकरी लागलेला एक पोरगा दाखवा, स्टकी. वर्षाची मुदत देतो. नाहीतर मान्यता गेली.”

व्हर्नननं आजूबाजूला पाहिलं. लेलंडनं बुटांकडे पाहिलं.

हॉस्टेटलर ड्वाइटकडे वळले. “तुझी जीभ भारी आहे रे. माझ्या मेहुण्याचं मोटारींचं दुकान आहे. सोमवारपासून जा तिकडे.”

“लागला! नोकरीला लागला!” व्हर्नन नाचायचाच बाकी राहिला. “लिहा साहेब!”

“मोटारी विकणं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स?”

“का नाही? मोटारीत रेडिओ असतोच की!”

ड्वाइटनं घसा खाकरला. इतकी वर्षं शाळेची तारीफ करणारा तो पोरगा नव्या नोकरीच्या उत्साहात पहिल्यांदाच खरं बोलला.

“नाही साहेब. रेडिओचे पैसे वेगळे पडतात.”